शेवयांच्या मशीनची सभा

सकाळपासून सायराबीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. अणदूरच्या बायकांच्या गटाची ती अध्यक्ष, आणि आज तिची सभा बघायला पाहुणी येणार होती, पार अल्बानियाहून. तिथं कितीतरी वर्षं एकाच पक्षाचं राज्य होतं. ते गेलं, पण खेड्यापाड्यांतली माणसं चारचौघांत तोंड उघडायला अजून बिचकतात, म्हणे. पाहुणीची संस्था त्यांना गट बांधायला शिकवते. त्यासाठी इथली एक बाई ती सोबत नेणार होती.

सायराबीला जायचं होतं. लई जायचं होतं.

म्हणून तिनं कालच सगळ्यांना पढवलं होतं, "म्या इचारलं की हात वर. पाहुणीम्होरं भांडण नको, बायांनो."

पाहुणी द्रिता सतरंजीवर बसली, शेजारी दुभाषी गायत्री. सायराबीनं खणखणीत विचारलं, "गटाची नवी शेवयांची मशीन माझ्या ओसरीत ठिवायची. कबूल?"

जोंधळ्याचं रान उभं राहावं तसे सरसर हात वर गेले.

द्रिताचा चेहरा मात्र उतरला. ती पुटपुटली ते गायत्रीनं सांगितलं, "त्या म्हणतात, आमच्याकडंही असेच सगळे हात वर जायचे. एकदा माझ्या वडिलांचा हात खाली राहिला. ते कैक वर्षं घरी आले नाहीत."

सायराबीच्या काळजात चर्र झालं. हात वर, पण ओठ घट्ट मिटून बसलेल्या म्हाताऱ्या सिद्धम्माकडं तिनं पाहिलं.

"सिद्धम्मा, तुमी काल काय म्हणत होता? बोला की."

"तूच गप केलंस न्हवं?"

"आता म्याच म्हणते, बोला!"

मग काय, बांधच फुटला. "तुझी ओसरी चढावर. आमी पिठाची पाटी डोईवर घिऊन चढायचं, अन् तू बसल्या जागी ईदच्या शेवया पाडणार? व्वा गं अध्यक्षीणबाई!"

हशा पिकला. जगदेवी बोलली, लक्ष्मम्मा तिच्यावर ओरडली, गायत्रीला सांगता सांगता धाप लागली. पुन्हा हात वर झाले. मशीन समाजमंदिरात! ओसरीच्या बाजूनं एकच हात, सायराबीचा.

"हरले की गं!" ती खळखळून हसली. "उद्या मशीन उचलून तिथं नेऊ. दोर म्या आणते."

द्रिता ताडकन उठली. डोळे नुसते लकाकत होते.

"त्या म्हणतात," गायत्रीचाही आवाज चढला, "मला हीच बाई पाहिजे. हरून हसणारी!"

 सिद्धम्मानं सायराबीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि ओवीच धरली:

"सात डोंगरांच्या पल्याड, निघाली गं सायराबाई
शिकीव तिथल्या सयांना, मोकळं म्हणाया 'न्हाय'!"

आणि वर टोला हाणला, "तिथंबी अशीच हरून ये, सायरे!"