परतीचा डबा

काटा: पूर्ण

“अहो, डबा खाली ठेवा. जमिनीवर.”

“दोन मिनिटांचं काम. गाडीतच भरू की. उगाच उचलाउचल कशाला?”

“खाली ठेवा म्हणते ना. पंपवाला बघतोय.”

पंपवाला खरंच बघत होता. डबा गाडीत ठेवून भरला तर त्यात वीज साठते आणि एका ठिणगीत सगळ्यांची राख होते, हे त्यानेच मागे आईला समजावून सांगितलं होतं. आई म्हणजे भिंगरीची आई. गाड्यांच्या सीटना खोळी शिवणारी. आणि जे कुरकुरत दोन्ही लोखंडी डबे खाली उतरवत होते ते भिंगरीचे बाबा. सगळा रस्ता त्यांना टायरवाले म्हणायचा, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आईसुद्धा मनातल्या मनात तेच म्हणायची.

पेट्रोल वर येत गेलं. आईने हात आडवा धरला.

“बास.”

“अगं, अजून चार बोटं जागा आहे!”

“ती तशीच राहू दे. उन्हात पेट्रोल फुगतं. मागच्या वेळी बघितलंत ना?”

मागच्या वेळचं नाव निघाल्यावर टायरवाल्यांनी पहिल्या डब्याचं झाकण लावलं.

डबे गाडीच्या पाठीवर, बाहेर, खास जोडून घेतलेल्या चौकटीत उभे राहिले. आईने त्यांना पांढऱ्या कापडाच्या खोळी शिवल्या होत्या, ऊन परतवायला. एक डबा पोचायचा. दुसरा परतीचा. परतीच्या खोळीवर निळ्या दोऱ्याची टीप होती, म्हणजे घोळ नको.

ती टीप घालताना आईची सुई दोनदा मोडली होती. कापड तसं काही जाड नव्हतं.

काटा: पाऊण

डांबर संपलं. पुढे दगड आणि धूळ, आणि मधूनमधून कुणीतरी रचून ठेवलेले खुणेचे धोंडे.

भिंगरीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. टायरवाल्यांनी मोठ्या हौसेने दुकानाची नवी पाटी रंगवून घेतली होती, ‘वडील आणि मुलगी’. रंग ओला असतानाच मुलीने सांगितलं, बाबा, मला हवामान केंद्रात नोकरी लागली आहे. केंद्र कुठे, तर या माळाच्या पलीकडे. तिथे दोन माणसं, एक पत्र्याची खोली, वारा मोजायचं यंत्र. पंप नाही. एका टाकीत गाडी कशीबशी तिथवर जाते, परत येत नाही.

पाटी अजून आहे. टायरवाल्यांनी ‘आणि मुलगी’वर टायरची जाहिरात चिकटवली होती. आईने ती एका दुपारी नखाने सोलून काढली.

आता भिंगरीची बदली होत होती. समुद्रापलीकडच्या बेटावर. तिथे कितीही डबे घेतले तरी गाडी जात नाही.

काटा: अर्धा

“कळवलंत का तिला?”

“पोचलो की कळेलच.”

“म्हणजे नाही कळवलंत.”

“मागच्या वेळी कळवलं होतं. काय उपयोग झाला?”

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मागच्या सीटवरून पेट्रोलचा वास आला, अगदी हलका. सीटची खोळ नवी होती, पण स्पंजमध्ये मुरलेलं कुठे जातं?

मागच्या वेळी

मागच्या वेळी टायरवाल्यांनी डबा काठोकाठ भरला होता. रिकामी जागा त्यांना बघवत नसे. चहाचा कपसुद्धा बशीत सांडेपर्यंत भरणारा माणूस. बाहेर बांधला तर कुणी पळवेल, म्हणून डबा आत, मागच्या सीटवर. डाव्या बाजूला. भिंगरी लहानपणापासून बसायची तिथे. त्यांनी त्याला सीटबेल्टही लावला.

“हलणार नाही आता,” म्हणाले होते, आणि डब्याच्या डोक्यावर एक थाप मारली होती.

सगळा दिवस काचा बंद, ऊन वरून. दोघांची डोकी जड झाली, आईला मळमळू लागलं. खिंडीतल्या धोंड्यापाशी गाडी उभी केली. तिथून खाली केंद्राचा पत्रा चकाकताना दिसतो. टायरवाल्यांनी एका झटक्यात झाकण उघडलं. फुस्स झालं आणि पेट्रोल कारंज्यासारखं उडालं. सीटवर, त्यांच्या बाहीवर, आईच्या पदरावर.

दारं सताड उघडी टाकून दोघं लांब जाऊन बसले. निम्मं पेट्रोल गेलं होतं. पत्रा समोर चकाकत होता. खाली उतरायला पुरलं असतं, तिथून परतायला नाही; इथूनच वळलं तर कसंबसं डांबरापर्यंत. पोरीच्या दारात जाऊन तिच्याकडेच इंधन मागायचं?

टायरवाल्यांनी गाडी वळवली.

फोनवर भिंगरीला मात्र म्हणाले, “मोठं गिऱ्हाईक आलं बघ अचानक, निघताच नाही आलं.”

आई शेजारीच उभी होती. तिने फोन ओढून घेतला नाही. तेव्हापासून भिंगरीचं बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. बरी आहे. ठेवते.

काटा: लाल रेघ

वाटेतल्या वाळूने अंदाजापेक्षा जास्त पेट्रोल प्यायलं. खिंड चढताना इंजिन धापा टाकत होतं. धोंड्यापाशी सपाटी आली आणि टायरवाल्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

खाली पत्रा चकाकत होता.

ते उडी मारून उतरले, डब्याचा पट्टा सोडू लागले.

“थांबा. इंजिन निवू दे.”

“अगं, ती तिथे समोर आहे!”

“दिसतंय मला. तापल्या गाडीवर पेट्रोल ओतणार? बॉनेटला हात लावून बघा.”

त्यांनी हात लावला आणि झटकला.

“मग हॉर्न तरी देतो.”

“एवढ्या लांब? कावळासुद्धा उडायचा नाही.”

थांबलेले

डबा जमिनीवर. गाडीची सावली तोकडी. दोघं त्या सावलीत, गुडघ्याला गुडघा लावून.

आईला वाटत होतं, उठावं आणि सरळ खाली धावत सुटावं. चपलांचं काय व्हायचं ते होवो. इतकं जवळ आलं की लांब असणं सोसत नाही. घरी असताना बरं होतं, घरून पत्रा दिसत नाही.

इंजिन टिकटिक करत निवत होतं.

“काहीतरी हलतंय,” टायरवाले म्हणाले.

“शेळी असेल.”

“शेळीला टोपी असते का?”

आई उभी राहिली. उतारावरून कुणीतरी वर येत होतं. पळत, मग चालत, मग कमरेवर हात ठेवून श्वास घेत, पुन्हा पळत. ती चाल शंभर माणसांत ओळखली असती.

भिंगरी पोचली. गळ्यात दुर्बीण होती. ती आईच्या खांद्यावर वाकली, धापा टाकत राहिली.

“अगं, आम्ही येतच होतो. एवढ्या उन्हात कशाला पळालीस?” आई म्हणाली.

“मागच्या वेळी पण इथेच थांबला होतात.” तिने दुर्बिणीला हात लावला. “बघत होते मी. म्हटलं, या वेळी वळायच्या आत गाठावं.”

टायरवाले डब्याकडे बघत होते.

भिंगरीने पाण्याची बाटली शोधायला मागचं दार उघडलं. नाक वर केलं. “इथे पेट्रोलचा वास कसा? डबे तर बाहेर आहेत.”

आईने या वेळीही तोंड उघडलं नाही. पण या वेळी ती नवऱ्याकडे बघत होती, आणि नजर हलवत नव्हती.

“मागच्या वेळचा आहे,” टायरवाले अखेर म्हणाले. “आत ठेवला होता. काठोकाठ. सगळं उडालं.”

“आणि गिऱ्हाईक?”

“कसलं गिऱ्हाईक.” त्यांनी पायाने एक खडा ढकलला. “तुझ्या जागेवर ठेवला होता. पट्टा लावून.”

भिंगरीने सीटकडे पाहिलं. “डब्याला सीटबेल्ट?”

“हलू नये म्हणून.”

तिला हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी बदललं. तिने टोपी डोळ्यांवर ओढली. मग बॉनेटवर पालथा हात ठेवून पाहिला.

“निवली. ओता आता. झाकण हळू, बाबा. आधी वाफ जाऊ दे.”

“येतं मला.”

“दिसतंय ना, सीटवर.”

टायरवाल्यांनी झाकण किंचित फिरवलं. डब्याने बारीक सुस्कारा सोडला. मग भिंगरीने नरसाळं धरलं, त्यांनी ओतलं. वाऱ्याने केस तिच्या तोंडावर येत होते आणि तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून आईने ते कानामागे सारले. सारल्यावरही हात तिथेच राहिला.

काटा: पुन्हा अर्धा

उतारावर भिंगरी मागे बसली होती. डाव्या बाजूला. बेटाबद्दल सांगत होती, तिथे वारा किती, बोट कधी. टायरवाले हं हं करत गाडी मुद्दाम हळू चालवत होते.

आईने मागे वळून पाहिलं. पोरीच्या डोक्यामागे, काचेपलीकडे, दुसरा डबा. निळ्या टिपेचा. तो रिकामा होईल तेव्हा ही सीटही रिकामी असेल.

“बाबा, उद्या सकाळी निघणार असाल ना? दुकान आहे.”

“बघू,” टायरवाले म्हणाले. “झाकण जरा घट्ट बसलंय परतीच्या डब्याचं.”

ते झाकण आईने स्वतः बसवलं होतं, हलक्या हाताने. “हो, फारच घट्ट,” ती म्हणाली.