गादीखालचे सिंह

युद्रोनच्या शिंपी नवऱ्याने मरण्याआधी एक शेवटचं काम केलं. दारं लावून दोन हिमसिंहांचं, तिबेटचं बंदी असलेलं निशाण शिवलं. "दुसरं काही ठेवलं नाही गं तुझ्यासाठी?" असं मी चिडवलं की ती भडकायची. "हसतेस काय, पाल्मो? ते सापडलं तर तुरुंगातून मला काय तू सोडवणार?"

तरी जाळत नव्हती. बर्फाचा डोंगर, त्यामागचा सूर्य, पिवळी किनार. देशाचं निशाण चुलीत कोण घालतं? ल्हासात आमच्या सामायिक अंगणाभोवतीच्या एकूणएक छपरावर सरकारने वाटलेले लाल झेंडे फडफडत होते, आणि खाली तिच्या घरात हे, घडी घातलेलं.

मार्चमधला उठावाचा दिवस जवळ आला की झडत्या सुरू होतात. पवित्र वस्तू आपण डोक्याच्या उंचीवर ठेवतो, हे झडतीवाल्यांना पाठ. कारण सोबत पोलिसांत भरती झालेली आपलीच पोरं असतात. म्हणून मीच सुचवलं, "बसायच्या गादीत शिवून टाक."

तिने कानांना हात लावले. "त्याच्यावर बूड टेकवू?"

"तू नको टेकवूस. तू जमिनीवर बस."

शिवलं तिने. तेव्हापासून फरशीवर बसायची आणि गुडघे दुखले की मला शिव्या द्यायची.

झडतीला एक चिनी अधिकारी आला, सोबत ल्हाकदोर. हा शेजारच्या चांभाराचा मुलगा, युद्रोनच्या हातचं सातूचं त्साम्पा खाऊन वाढलेला. मी दारात उभी होते. त्यांनी देवघर उपसलं, तुळई चाचपली, उशी फाडली. हाती काही लागलं नाही. दारात आलेल्याला चहा द्यायचा, या सवयीने युद्रोनने पेले भरले. अधिकारी दमला होता. तो गादीवर बसायला वळला.

"तिथे नको!"

युद्रोनच्या तोंडून शब्द सुटले ते सुटले. निशाणावर बूट घातलेला माणूस बसतोय, हे तिला बघवलं नाही.

"काय म्हणते?" अधिकाऱ्याने चिनीत विचारलं. तेवढी चिनी मलाही येते.

ल्हाकदोरने गादीकडे पाहिलं. मग युद्रोनच्या फरशीवरच्या जागेकडे. "मांजर मुतलंय म्हणते गादीवर."

अधिकारी हसला, उभ्यानेच चहा प्यायला आणि निघाला. जाता जाता ल्हाकदोर युद्रोनला आईची हाक मारून म्हणाला, "आमा-ला, मांजर सांभाळा हं."

आमच्या अंगणात मांजर नाही.

"पोरगं आपलंच निघालं गं!" युद्रोन रडत म्हणाली. पण ल्हाकदोर लहानपणी खेळातली हाडाची सोंगटीसुद्धा बदल्यात काही घेतल्याशिवाय देत नसे.

पुढे तो साध्या कपड्यांत चहाला येऊ लागला. बसायचा कुठे? त्याच गादीवर. "मऊ आहे हं, आमा-ला," म्हणायचा, आणि युद्रोन पेला भरायची. तो असला की मला आत बोलवेनाशी झाली. मग वरच्या मजल्यावरच्या विणकराला एका पहाटे उचलून नेलं. त्याच्याकडे दलाई लामांचा बंदी असलेला फोटो होता. फोटो कुठे दडवलाय, हे विणकर स्वतः, मी आणि युद्रोन सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

काल तिने मला चहाला बोलावलं.

"बस ना, गादीवर बस."

मी उभीच राहिले. तिने पेला काठोकाठ भरला. वर बघितलंच नाही.

"तुझा भाऊ बऱ्याच दिवसांत दिसला नाही. खिंड ओलांडून भारतात गेला का गं?"

"तुला कशाला हवंय, युद्रोन?"

"सांग ना," ती म्हणाली. "ल्हाकदोर संध्याकाळी यायचाय."