होलिंगर फार्मच्या पाटीचं रक्त

पाटीची पहिली ओळ: १८६४ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, या शेतावर जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं.

त्या ओळीखाली, जुलैच्या उन्हात, दीडशे माणसं लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन उभी. दहाच्या सुमारास पाटीच्या पोकळ खांबातून, बोल्टच्या भोकातून, लाल थेंब ठिबकला.

"आलं! सैनिक पोरांचं रक्त आलं!" प्रवचनकार ब्रदर डेलबर्ट गरजला. "डॉक्टर पाय कापतात, बंधूंनो! ही पोरं पाय वाचवतात! त्यांचे इथेच तोडले गेले ना!"

"मग स्वतःचे का नाही वाचवले?" लोरेटा पुटपुटली. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"लोरी, गप बस गं!" कुबडीवर रेललेली तिची थोरली बहीण वर्ना फिस्कारली. वर्नाने तीन आठवडे इन्सुलिन सोडून हे लाल पाणी धरलं होतं. डाव्या पायाचं बोट काळं पडलं होतं. उद्या, सोमवारी, दाखल झालीस तर नुसतं बोट कापून भागेल, असं डॉक्टरने बजावलं होतं.

पाटीची शेवटची ओळ, कुणीच न वाचलेली: इस्पितळाचे ते घर येथून अर्धा मैल उत्तरेस.

लोरेटाने ती मोठ्याने वाचली.

"खरंय," रस्तेखात्यातून निवृत्त झालेले म्हातारे डॉफलमायर म्हणाले. "मीच रोवली ही पाटी. गाड्या थांबवायला जागा इथंच होती. इथं कुणी मेलंबिलं नाही."

"रक्ताला अर्ध्या मैलाचं काय हो!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले, आणि पुन्हा बरण्या पुढे झाल्या.

लोरेटाने थेंब तळहातावर घेतला.

गार. बर्फासारखा गार. जुलैत!

ती डॉफलमायरांच्या ट्रकवर चढली. खांबाच्या डोक्यावरचं टोपण तिने फिरवलं, आत हात घातला आणि मनगटाएवढी लालभडक कांडी वर काढली.

"बिटाच्या रसाचा बर्फ! पहाटे आत सरकवायचा. पूर्वेकडच्या त्या झाडांची सावली साडेनऊला हटते, खांब तापतो, बर्फ वितळतो. दहाला चमत्कार!"

"बाईनेच टाकला!" डेलबर्ट ओरडला. "आणि बर्फ तरी कुणी केला? देवानेच ना!"

अर्धे लोक खाली मान घालून निघाले. उरलेल्यांनी रांग धरली.

रांगेत वर्ना होती.

"वर्ना, बीट आहे गं ते!"

"दिसतंय मला. आंधळी आहे का मी?"

"मग?"

"बीट तर बीट. इथे मला कुणी कापत तरी नाही."

लोरेटाने गाडीचं दार उघडलं. "चल दवाखान्यात. मी पूर्ण वेळ शेजारी बसते."

"बघू. या आठवड्यात."

तीस पोरांना एका तासात काहीही पटवणारी बाई हातात वितळता बर्फ धरून रस्त्याकडेला उभी राहिली.

वर्ना गुरुवारी दाखल झाली. पाय गुडघ्यापासून गेला.

तेव्हा सरळच सांगतो. बर्फ उन्हात वितळतो, आणि रक्तातली साखर बिटाने उतरत नाही. हे लोकांना कळत नाही असं नाही. लोक घाबरलेले असतात, आणि डेलबर्टला तेवढं पुरतं. भीती वाटत असेल तर भीतीसकट दवाखान्यात जा. कुणाचा तरी हात धरा, वाटेत रडा, डॉक्टरवर चिडा. पण सोमवारी सांगितलं असेल तर सोमवारी जा.