पहिल्या बाकावरचं आमेन

"सरका जरा," म्हणत थोरल्या पाळकांनी खजिनदाराला बाकाच्या टोकावरून आत ढकललं आणि व्यासपीठासमोरची जागा पटकावली. खजिनदार बिचारा गीतांचं पुस्तक सावरत निमूट सरकला. पाळक निवृत्त होऊन बरेच महिने झाले होते, पण त्यांना नाही म्हणायची सवय या मंडळीत अजून कुणाला लागली नव्हती.

आज त्यांची मुलगी पहिल्यांदा उपदेश करणार होती, आणि तोही त्यांच्याच व्यासपीठावरून. सकाळपासून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कोट झाडून झाला होता, बूट चमकत होते. दारात भेटेल त्याला ते विचारत होते, "आज काय आहे, ठाऊक आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात होते.

उत्तराची वाट न बघण्याला कारण होतं. उत्तर त्यांना ऐकूच येत नसे. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तिने हट्टाने आणवलेलं कानाचं यंत्र कपाटात पडून होतं, कारण लोकांनी आपल्याला तापट म्हटलेलं पाळकांना चालत होतं, बहिरं म्हटलेलं नाही. मान डोलवायची, "प्रभू बघून घेईल" म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची, हे त्यांनी चांगलंच साधलं होतं. एकदाच फजिती झाली होती. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका बाईने नवऱ्याची नोकरी गेल्याचं सांगितलं, आणि यांनी हसून तिचं अभिनंदन केलं. ती बाई त्यानंतर त्यांच्याकडे फिरकली नाही. घरी बायको बोलली, तेव्हा त्यांनी विषय बदलला होता.

मुलगी धर्मशिक्षण संपवून गेल्याच आठवड्यात परतली होती. आल्या आल्या तिने उपदेशाबद्दल काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी "उत्तम, उत्तम" म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा "उत्तम." मग तिने विचारणंच सोडून दिलं. तिचा चेहरा पडलेला त्यांना दिसला होता. कशाने पडला, हे विचारायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

आता ती व्यासपीठावर उभी राहिली. ताठ मान, शांत हात. पाळकांना वाटलं, ही आपल्यावरच गेली आहे. छाती फुगली. तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत होता, पण शेजारच्या घरात कुणी बोलावं तसा. शब्द एकही हाती लागत नव्हता.

वचन कुठलं ते त्यांना ठाऊक होतं. देशावर दुष्काळ येईल, असं एका संदेष्ट्याने फार पूर्वी बजावलं होतं. तो भाकरीचा नसेल आणि पाण्याचाही नसेल. देवाचं वचन ऐकण्याचा असेल, आणि लोक ते शोधत वणवण फिरतील. या वचनावर पाळकांनी स्वतः दरवर्षी उपदेश केला होता. आधी टोळधाड, मग कोरड्या विहिरी, मग व्यासपीठावर मूठ आपटून "तुम्ही ऐकत नाही", की मंडळी चिडीचूप. या उपदेशाची लोकांना भीती वाटे, आणि पाळकांना त्याचा अभिमान होता.

मंडळीत एक रीत होती. पहिल्या बाकावरच्या वडीलधाऱ्याने "आमेन" म्हटलं की मागून सगळ्यांनी म्हणायचं. कुठे म्हणायचं ते पाळकांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. उपदेश आपलाच, मुलगी आपलीच, तेव्हा चुकायचा प्रश्न नव्हता. मुलीने हात वर केला आणि ती थांबली. हा थांबा ते ओळखून होते.

"आमेन," ते खणखणीत म्हणाले.

"आमेन," अख्खी मंडळी म्हणाली.

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मागच्याच बाकावर बसलेल्या बायकोने तोंडाला पदर लावला.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

बायको पुढे वाकून त्यांच्या कानाला लागली. "तिनं विचारलं, मग देवानं आपल्याला टाकून दिलंय का? आणि तुम्ही आमेन म्हणालात. मग सगळेच म्हणाले."

पाळकांनी मागे वळून पाहिलं. कुणी हसत नव्हतं. उलट निम्मी मंडळी कपाळाला आठ्या घालून विचारात पडली होती. थोरले पाळक म्हणाले आहेत म्हणजे त्यात काहीतरी खोल अर्थ असणार. नुसतं गंभीर होऊन डोळे मिटले असते, तर हेही खपून गेलं असतं. मुलीला तेवढं वाटलं असतं की बापाने भर सभेत आपला उपदेश मोडीत काढला.

त्यांची नजर तिसऱ्या बाकावर गेली. ती बाई खाली बघत होती. इतकी वर्षं मूठ आपटून "तुम्ही ऐकत नाही" म्हणताना आपण त्यात कधी स्वतःला धरलंच नाही, हे पाळकांना आज कळलं, आणि कळलं तेव्हा त्यांना फार लाज वाटली. बाकाला धरून ते उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. तुम्ही दुःखं सांगत होता आणि मी माना डोलवत होतो." मग त्या बाईकडे वळून म्हणाले, "बाई, मी घरी येतो. मला परत सांगा. या वेळी बायकोला सोबत आणतो." आणि शेवटी व्यासपीठाकडे वळले. "बाळा, तुझंही मी काही ऐकलं नाही. घरी विचारत होतीस तेसुद्धा नाही. परत सांग."

मुलीने समोरच्या कागदांतली काही पानं काढून बाजूला ठेवली.

"पश्चात्तापावर बरंच लिहून आणलं होतं," ती मंडळीला म्हणाली. "ते आता वाचत नाही."

हे पाळकांना ऐकू आलं नाही. त्यांना फक्त ती पायऱ्या उतरताना दिसली. ती त्यांच्यासमोर आली, त्यांना खाली बसवलं आणि वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, देव बोलायचा थांबेल असं संदेष्टा म्हणत नाही. दुष्काळ ऐकण्याचा आहे. बोलणारा आहे तिथंच आहे. ऐकू येत नसेल तर आपण जवळ जायचं, एवढंच."

पाळकांनी शब्द न् शब्द ऐकला. या वचनात त्यांना आजवर राग सापडला होता, शिक्षा सापडली होती. त्यात कुणीतरी अजून आपल्याशी बोलतंय, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. मंडळी त्यांच्या आमेनसाठी थांबली होती.

त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खजिनदाराकडे झुकले, तोंडावर हात आडवा धरला आणि आपल्या मते अगदी कुजबुजत म्हणाले, "माझी मुलगी आहे."

शेवटच्या बाकापर्यंत ते सगळ्यांनी ऐकलं. मुलगी पुढचं वाक्य विसरली, आणि तिला ते आठवेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही.