कंडक्टरशिवाय गाडी

तिने कोंबड्याच्या डोळ्यांवर ब्लाउजच्या अस्तराचा तुकडा टाकला आणि दोन्ही हातांनी त्याला खोक्यात दाबून बसवलं. डोळ्यांपुढे अंधार झाला की पाखरू गप्प होतं, असं तिने ऐकलं होतं. तळव्याखाली त्याचं काळीज शिलाईयंत्राच्या सुईसारखं धडधडत होतं.

"आटप लवकर," नवरा स्कूटरवरून म्हणाला. "बाबा उठले तर पंचाईत."

"तुझा मित्र कापणार नाही ना त्याला?"

"पाळतो म्हणालाय. आता त्याच्याकडून शपथपत्र लिहून घेऊ?"

खोकं घेऊन स्कूटर वळली. गल्ली पुन्हा दुपारसारखी झाली, आणि त्या शांततेचीच तिला धास्ती वाटली.

नगरपालिकेचे इन्स्पेक्टर तासाभरात यायचे होते. नियम सरळ होता: वस्तीत एका घराला चार कोंबड्या चालतील, खुराडं शेजारच्या भिंतीपासून दहा फूट दूर हवं, कोंबडा मुळीच नको. तो सापडला तर सगळीच पाखरं जप्त. विकणाऱ्याने चारही पिल्लं माद्याच म्हणून गळ्याला हात लावून दिली होती. पुढे त्यातल्या एकीला भलताच तुरा फुटला आणि एका पहाटे तिने मान ताणून सगळी आळी उठवली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासरे मात्र कितीतरी महिन्यांनी हसले.

"आला कंडक्टर," ते म्हणाले.

सासऱ्यांनी आयुष्यभर पहाटेची पहिली बस काढली होती. आता त्यांच्या स्मरणातला एकेक थांबा वगळला जात होता. बायकोचं जाणं, मुलाचं लग्न, कधीकधी राहतं घरसुद्धा. पहिली फेरी तेवढी शाबूत होती. कोंबड्या यायच्या आधी ते एकदा अंधारात डेपो शोधत निघाले आणि हमरस्त्याच्या मधोमध सापडले. दोन्ही बाजूंनी ट्रक धावत होते आणि ते हवेत स्टिअरिंग वळवत होते. सगळ्यात आधी तिनेच त्यांना पाहिलं होतं. अजूनही दूरवर ट्रकचा हॉर्न वाजला की शिवताना तिची सुई बोटात शिरायची. फाटकाला कुलूप घालून पाहिलं, तर त्यांनी दार बडवून मनगटं सुजवून घेतली. मग पिल्लं आली, मोठी झाली, आणि हळूहळू सासरे पहाटे उठून दाण्यांचा वाडगा घेऊन थेट खुराड्याकडे जाऊ लागले. कोंबड्यांनीच त्यांना घराशी बांधून ठेवलंय, असं तिच्या मनाने धरलं. म्हणून तिघी वाचवायच्या तर चौथ्याला घालवणं भाग होतं.

तक्रार कुणी केली, हे न विचारताही ठाऊक होतं. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून पहाटे यायच्या. त्यांचे तांबारलेले डोळे खिडकीच्या पडद्याआडून दिसायचे. अलीकडे तिने त्या बाजूला बघणंच सोडलं होतं.

इन्स्पेक्टरांनी टेप ताणला, भिंतीपासूनचं अंतर मोजलं, वाकून खुराड्यात पाहिलं.

"तीनच?"

"तीनच, साहेब."

"शेजारी म्हणतात, आरवतो."

तिने पदराचं टोक मुठीत आवळलं. तेवढ्यात सासरे मागच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी खुराड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सूनबाई, कंडक्टर कुठाय?"

"कोण कंडक्टर?" इन्स्पेक्टरांनी मान वर केली.

"बाबा बस चालवायचे," ती म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा वाटला. "जुनं आठवतं त्यांना."

जमिनीवर एक लांब तांबूस पीस पडलं होतं. तिने त्यावर हलकेच पाऊल ठेवलं.

"माझ्या आईचंही असंच होतं," इन्स्पेक्टर म्हणाले आणि टेप गुंडाळून निघाले.

त्या रात्री ती निर्धास्त झोपली. जाग आली ती शांततेने. खिडकीत उजेड फुटत होता, पण त्या उजेडाला आवाज नव्हता. सासऱ्यांचं अंथरूण रिकामं होतं. खुराड्यात तिघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, अजून उपाशी. वाडगा जागेवर नव्हता. फाटक सताड उघडं होतं.

"उठ! बाबा गेले!"

नवरा एका बाजूला पळाला, ती अनवाणी दुसऱ्या. कोपऱ्यापलीकडून हमरस्त्याची घरघर येत होती. एक हॉर्न वाजला, लांबलचक, कुणाला तरी बाजूला सारणारा. ती थांबली. पुढे जाऊन जे दिसेल ते पाहण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं, मागे फिरण्याचंही नव्हतं.

तेव्हाच कोंबडा आरवला.

आवाज फाटका होता, घोगरा, मध्येच खोकल्यात अडकलेला. कोपऱ्यावरून नर्सबाई येत होत्या. खांद्याला पिशवी, पायांत दवाखान्यातले पांढरे बूट. दर काही पावलांवर त्या थांबत, मान वर करत आणि आरवत. आणि त्यांच्या मागून, दाण्यांचा वाडगा छातीशी धरून, सासरे चालत होते.

"रस्त्याच्या कडेला उभे होते," नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. "हाताला धरलं तर झिडकारलं. कंडक्टर आला नाही, त्याला बघायला डेपोत जातो म्हणाले."

तिने सासऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

"मी रोज खिडकीतून बघते. तो आरवला की हे उठतात, खुराड्याकडे जातात. त्याआधी कधीच नाही." त्यांनी नजर खाली वळवली. "झोप तर लागतच नव्हती. मी बघत राहायचे."

"म्हणजे तुम्हाला..."

"कळायला हवं होतं. दोघींनाही."

सासरे फाटकातून आत शिरले, खुराड्यापर्यंत गेले आणि थांबले. वाडगा हातात तसाच होता. गाडी तयार आहे, पण बेल झालेली नाही, अशा चालकासारखे ते मान किंचित तिरकी करून वाट पाहू लागले. पलीकडे हमरस्ता आता पुरता जागा झाला होता.

"नवीन दिसतोय," ते सुनेला हळूच म्हणाले. "आवाज मोकळा व्हायला वेळ लागेल."

तिने नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल झाले होते.

"नियमात फक्त कोंबडा लिहिलाय," नर्सबाई म्हणाल्या. "तक्रार करताना नीट वाचलाय मी."

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि घसा खाकरला.