वरचं मशीन

एक्क्याऐंशी साली चिंचवडच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर एकच, आणि प्रोग्रॅम लिहिणारे सात. म्हणून त्या एकाच्या पोटात सात मशिनं मांडली होती. खरी नव्हेत, भासाची. चूल एक, जावा सात, आणि प्रत्येकीला वाटावं चूल माझीच, तसं. साहेब त्यांना ‘व्हर्च्युअल’ म्हणत. फाटकावरच्या उद्धवरावांनी त्याचं ‘वरचं’ केलं, आणि मग सगळेच वरचं मशीन म्हणू लागले.

प्रत्येकाच्या मशीनला नाव काय, जागा किती, सुरू होताच त्यानं काय करायचं, हे लिहून ठेवायचं काम माझं. मी मुळात कार्डं पंच करणारी. हे सगळं पुस्तकं चाळून आणि चुका करून शिकले. आधी सगळ्यांना एकच साचा दिला. आठवडाभरात तक्रारी. सुमेधाला जागा जास्त हवी, सुरेंद्रला छपाई आपोआप नको. मग एकेकाचं वेगळं करून दिलं. सयाजी तेवढा उलटा. म्हणाला, माझी जागा अर्धी करा ताई, मोठं घर झाडायचा मला कंटाळा. आणि मशीन सुरू होताच पहिली ओळ उमटली पाहिजे, ‘एसटी पाच चाळीस’. चाकणची त्याची गाडी. इतकं करूनही रोज धावतच सुटायचा.

भाद्रपदात मित्राच्या स्कूटरवरून जाताना दापोडीजवळ ट्रकनं त्याला उडवलं. चार दिवस दवाखान्यात होता, पाचव्या दिवशी गेला.

त्याचं मशीन मी तसंच ठेवलं. मुकुंदराव साहेबांनी दोनदा हटकलं, दसऱ्यानंतर नवी मुलगी येतेय, तिला जागा लागेल. खंडेनवमीला काम बंद असतं, तेव्हा काढते, असं म्हणून मी दिवस ढकलले.

खंडेनवमीच्या सकाळी खाली शॉपमध्ये लेथना हार पडत होते, आणि सयाजीचे वडील ज्योतीराम आले. पिशवीत झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या. पोराचं हत्यार पुजायचं होतं. कुणाला न विचारता ते जिना चढत थेट गच्चीवर गेले. तिथं पाण्याची टाकी. उद्धवरावांनी त्यांना माझ्याकडं आणलं, तेव्हा म्हणाले, "पोरगं म्हनायचं, मला वरचं मशीन दिलंय."

उद्धवराव माझ्याकडं बघेनात.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. प्रिंटर दाखवा, म्हणाले, तो आवाज करतो, म्हाताऱ्याचं समाधान होईल. मनानं वाईट नव्हते ते. मीही नेलं प्रिंटरपर्यंत. धूळ नको म्हणून त्या खोलीत सगळेच वहाणा बाहेर काढत. ज्योतीरामांनी देवळात काढाव्या तशा काढल्या. हार घालायला हात उचलला आणि मला विचारलं, "ह्याच्यावरच बसायचा व्हय त्यो?"

मला खोटं रेटवेना. त्यांना टर्मिनलच्या पडद्यासमोर बसवलं आणि सयाजीचं मशीन सुरू केलं. इंग्रजी अक्षरांत पहिली ओळ उमटली, ती वाचून दाखवली.

"गाडी कदी चुकली न्हाई त्याची," ते म्हणाले.

मग त्याच्या मशीनचं जे लिहून ठेवलं होतं, ते कागदावर छापून हातात दिलं. सहा ओळी. सांगितलं, एवढंच असतं बाबा, हात लावायला दुसरं काही नाही. त्यांनी कागद उलटून मागं पाहिलं. मग मांडीवर सरळ करून त्याला हळदकुंकू वाहिलं. नारळाचं पाणी सांडेल म्हणून नारळ फोडला नाही.

"उद्यापास्नं कोन चालवनार हे?"

कुणी नाही, म्हटलं. ज्याचं त्याचंच बेतलेलं असतं, दुसऱ्याला बसत नाही. नव्या मुलीला जागा हवी, म्हणून ते आजच काढायचंय, हेही सांगून टाकलं. ते पडद्याकडं बघत राहिले.

"काडायला किती येळ लागतो?"

"एक ओळ लिहायची."

"मंग माज्यादेखत काडा. दवाखान्यात शेवटाला मला आत सोडलं न्हवतं."

मी ओळ लिहिली. नावातलं एक अक्षर चुकलं, मशीननं ओळखलं नाही. पुन्हा लिहिली. ते माझ्या बोटांकडं बघत होते. बटण दाबलं. आवाज कसला होणार? पडद्यावर रिकामी ओळ आली, बस.

"झालं?"

"झालं, बाबा."

त्यांनी टोपी काढली आणि मांडीवरच्या कागदावर ठेवली.