माईंच्या मापाचा टीव्ही

मी टीव्ही बोलतोय. रिमोट शोधू नका, मी बंदच आहे. बंद असतानाच मला माझे असे चार शब्द बोलता येतात. एरवी दिवसभर दुसऱ्यांचंच बोलत राहावं लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला पुसलं, पाठीवर नंबर चिकटवला आणि थर्माकोलमध्ये दाबून खोक्यात घातलं. मग आलो दुकानात. तिथं आम्ही वीसेक भावंडं एका भिंतीवर टांगलेली, आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. माणसं यायची, हाताची घडी घालून समोर उभी राहायची आणि कोणाचा मासा जास्त ओला दिसतो यावर नवराबायकोत वाद घालायची. घरी जाऊन मासे कोणीच बघत नाही, पण ते असो.

एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्यात मापाची टेप. चाळीस वर्षं शिवणकाम केलेले शिंपी. दुकान बंद केलं, पण टेप काही गळ्यातून उतरली नव्हती. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. माशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि सरळ माझं माप घेतलं.

हा पासष्ट इंची, असं विक्रेता म्हणाला. मास्तरांनी टेपवर अंगठा ठेवून सत्तावन्न दाखवले. वरचे आठ इंच कुठं गेले, ते त्यांना कळायला हवं होतं. विक्रेत्यानं समजावलं की टीव्हीचं माप या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात.

"तिरकं?" मास्तर सावकाश म्हणाले. "मी जर गिऱ्हाइकाचं माप डाव्या खांद्यापासून उजव्या घोट्यापर्यंत घेतलं असतं, तर निम्मा मोहल्ला उघडा फिरला असता."

घरी दार आणि खिडकी यांच्यामधली भिंत पंचावन्न इंच भरली होती. ती त्यांनी स्वतः दोनदा मोजली होती. तरीही त्यांनी मलाच घेतलं. दोन इंच माया असू द्यावी, म्हणाले. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. कपडा आखूड झाला तर काही करता येत नाही, जास्त झाला तर कापता येतो, असा चाळीस वर्षांचा हिशेब. मला कापता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि विक्रेत्याला ध्यानात आणून द्यायची घाई नव्हती.

घरी फिटर आला, दोघांनी मला उचलून त्या भिंतीला लावून धरलं, आणि आतल्या खोलीचं दार माझ्या कोपऱ्यावर येऊन थडकलं. दोन इंच बाहेर. फिटरनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा मास्तरांच्या गळ्यातल्या टेपेकडे.

"मास्तर, कात्री घरातच आहे ना?"

मास्तरांची बायको समोरच उभी होती. तिला सगळे माई म्हणत. माई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मास्तरांना चिडायलाही जागा उरली नाही.

आता त्या का हसू शकल्या, ते सांगतो. माईंना ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते सारखी शिट्टी मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये पडून असायचं. माणूस समोर असला की त्याच्या ओठांकडे बघून त्यांना सगळं कळायचं. दूधवाला, भाजीवाली, शेजारीण, कुणालाच शंका आली नव्हती. फसायच्या त्या फक्त एका ठिकाणी. लांबच्या शहरात असलेली लेक दर रविवारी फोनवर दिसायची, आणि फोनच्या त्या तळहाताएवढ्या काचेत लेकीचे ओठ म्हणजे तीळभर. मग माई सगळ्यालाच "हो हो" म्हणायच्या. लेकीला यातलं काही कळता कामा नये, अशी त्यांनी मास्तरांना ताकीद दिली होती. कळलं तर उगाच जिवाला घोर लावून घेईल.

मास्तरांनी मला आणलं ते एवढ्यासाठी. गल्लीत मात्र बातमी पसरली, की मास्तरांना या वयात सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी ती खोडून काढली नाही.

दाराजवळची भिंत गेली, तेव्हा उरली समोरची. तिथं मास्तरांचं शिलाई मशीन होतं, खिडकीच्या उजेडात. अजून कुणाच्या विजारीची टीप, कुणाचं बटण असं काहीबाही चालायचं. मशीन हलवायचा विषयच नव्हता. म्हणून फिटरनं मला त्याच्या वर, पार छताला टेकेल इतकं उंच ठोकलं, डोक्यावर छोटा कॅमेरा बसवला आणि झकास झालं म्हणून निघून गेला. उंचावरून खोली छान दिसत होती. थोडा गर्वही झाला, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी लेकीचा चेहरा माझ्यावर आला, दाराएवढा. माई आपल्या बुटक्या खुर्चीत मान मोडेपर्यंत वर बघत बसल्या. पण ट्यूबलाइटचा उजेड माझ्यावर असा पडला होता, की लेकीचं कपाळ दिसत होतं, डोळे दिसत होते, आणि तोंडाच्या जागी नुसता पांढरा पट्टा.

लेक म्हणाली, "आई, या सुट्टीत आम्ही नाही आलो तर चालेल ना? रजेचं अवघड आहे. तुला वाईट वाटणार असेल, तर मी बघते काहीतरी."

माई गोड हसल्या. "हो हो. चालेल की."

लेकीची नजर खाली गेली. चेहरा माझ्यावरच होता, म्हणून मला कळलं. तिला हे उत्तर नको होतं. मग म्हणाली, बरं, पुढच्या सोमवारी ऑफिसात काय ते कळवते.

मास्तरांनी सगळं ऐकलं. बायकोला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. पण ते शिंपी पडले. कपडा चुकला, तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत बसण्याआधी तो उसवून नीट करायचा, ही त्यांची रीत. हातात एक आठवडा होता.

मंगळवारी त्यांनी मशीन ओढत ओढत मागच्या बोळकांडीत नेलं. तिथं भर दुपारीही दिवा लावावा लागतो. मग गळ्यातली टेप काढून ते माईंसमोर उभे राहिले.

माई लगेच ताठ बसल्या, फोटोला बसतात तशा.

"तशी नको. रोज बसतेस तशी बस," मास्तर म्हणाले. "ताठ बसलेल्या माणसाचं माप नेहमी चुकतं."

त्यांनी जमिनीपासून माईंच्या डोळ्यांपर्यंत माप घेतलं. एकोणचाळीस इंच. भिंतीवर खडूनं रेघ मारली. फिटर पुन्हा आला, कुरकुरला, वरची भोकं दिसतील म्हणाला. मास्तर म्हणाले, दिसू दे, ठिगळाला मी लाजत नाही. मला खाली उतरवून माझ्या मधोमध ती रेघ येईल असं बसवलं. मास्तरांनी ट्यूबलाइट बंद करून पाहिली, खुर्ची वीतभर पुढं घेतली, पुन्हा अर्धी वीत मागं. एवढा वेळ त्यांनी नवरदेवाच्या कोटालाही दिला नसेल.

रविवार आला. लेकीचा चेहरा माईंच्या अगदी समोर, डोळ्याला डोळा. इकडचं तिकडचं झालं. मग लेक नजर चुकवत म्हणाली, "मग आई, उद्या कळवून टाकते, येत नाही म्हणून."

माईंच्या चेहऱ्यावर "हो हो"चं हसू येता येता थांबलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेपेची गुंडाळी करत होते.

"कोणी सांगितलं येत नाही म्हणून?" माई म्हणाल्या. "मला नाही चालणार."

"अगं, मागच्या रविवारी तूच म्हणालीस."

माईंनी पदर सावरला. मग लेकीकडे सरळ बघत त्यांनी सांगितलं, "मागच्या रविवारी मला तुझं तोंड दिसलं नव्हतं. मला ऐकू येत नाही, पोरी. दोन वर्षं झाली. आता दिसतंय. इकडं बघून बोल, आणि काय ते पहिल्यापासून सांग."

लेक रडायला लागली. रडताना ओठ वाकडेतिकडे होतात, त्यामुळे पुढचं माईंना काहीच कळलं नाही. पण या वेळी त्यांनी "हो हो" म्हटलं नाही. रडून झाल्यावर बोल, म्हणाल्या, आणि थांबल्या.

लेक आली आहे. चार दिवस झाले. खुर्ची माझ्याकडे पाठ करून फिरवली आहे, आणि मायलेकी गुडघ्याला गुडघा लावून बोलत बसल्या आहेत. माझ्या काचेवर धूळ साचली आहे, कुणीतरी तिच्यावर बोटानं रेघही ओढली आहे. पासष्ट इंच म्हणा किंवा सत्तावन्न, घरात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. ती परत जाईल तेव्हा मी आहेच. तोवर तुम्ही कुणी या घरी आलात तर एवढंच करा, मला लावू नका.